खाडीतली आवणी

धामणकर नाक्यावर मी शेअर रिक्षा भरायची वाट बघत बसले होते, तेव्हा शेजारच्या कमळीचा फोन आला. मागे लूमचा खडखडाट, पुढे ट्रकचे भोंगे. दोनदा ‘काय? काय?’ केल्यावर कळलं. “वयनी, लवकर ये. हिराताय दुपारची निजली ती उठतच न्हाय...” महिना होऊन गेला. अजूनही रिक्षातून उतरले की मी घाईघाईनंच घराकडे चालते.

हिराताई माझ्या थोरल्या नणंद. एरवी मी ‘वन्सं’ म्हणायची, भांडताना ‘हिराबाई’. दोघींचेही नवरे गेलेले, त्यामुळे एका चुलीवर राहायचो आणि भांडणाला तोटा नव्हता. मी शाळामास्तरीण, चिखलात पाय घालायला कचरणारी. त्या खाडीच्या लेक. ओहोटी लागली की गावच्या बायका टोपल्या घेऊन शिवल्या, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्या, काढायला उतरायच्या. शिंपल्या हातानं चाचपायच्या आणि तोंडानं साऱ्या गावाची धुणी धुवायच्या. त्यांचं हसणं आमच्या ओटीपर्यंत ऐकू यायचं.

मग कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी नाल्यानं खाडीत यायला लागलं. वास असा, की शिळ्या मुतानं भरलेला गोठा. एरवी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या काठावर येऊन तडफडायच्या, चिंबोऱ्या नांगी उगारायच्यासुद्धा नाहीत, आणि शिवल्या चिखलात आ वासून मेलेल्या. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, पाण्यात अमोनिया वाढलाय, त्यानं त्यांचे कल्ले जळतात. बायका हळूहळू दापोड्याच्या गोदामांत पॅकिंगच्या ड्युटीवर लागल्या. पोट कुणाला सुटलंय? वन्संनी कुणाला बोल लावला नाही. पण ओहोटीच्या वेळी ओटीवर एकट्या बसून राहायच्या, आणि ते मला बघवायचं नाही.

एक दिवस त्या वसईकडच्या मावसबहिणीकडून बारक्या शिवल्या घेऊन आल्या आणि भाताची रोपं लावावीत तशा वाकून, एकेक करून, आमच्या चिखलात लावल्या. साऱ्या मेल्या. पुन्हा आणल्या. पुन्हा मेल्या.

“वन्सं, विषात आवणी करताय तुम्ही,” मी एकदा चिडून म्हणाले.

“रोपा तरी समदी कुठं जगतान, वयनी? चार धरल्या ना, तरी बाया परत येतील.”

मला तोवर वाटत होतं, त्यांना शिवल्या हव्यात... त्यानंतर मी त्यांना कधी अडवलं नाही. धरली मात्र एकही नाही.

त्या गेल्या त्या संध्याकाळी पुरुष त्यांना पोहोचवून आले, बायका आपापल्या घरी गेल्या. मी मोरीत गेले तर ओल्या गोणपाटाखाली बादली. आदल्याच दिवशी आणलेल्या शिवल्या. एकीवर नखानं टिचकी मारली. तिनं चटकन तोंड मिटलं. मी तिथेच ओल्यात बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सुतकातच एसटी धरली आणि जिथून आणल्या होत्या तिथल्या पाण्यात त्या सोडून आले. आमच्या खाडीत मरायला नेऊन टाकणं मला जमलं नाही. वन्संना हे मुळीच आवडलं नसतं. आठवडाभर माझ्याशी बोलल्या नसत्या.

बादली मोरीत पालथी आहे. मी चहा अजूनही दोन कप टाकते, आणि मग एक ओतून देते. अबोला धरायलासुद्धा घरात माणूस लागतं.