नानाजींच्या जागी

बोरी अरबला माझ्या शेजारी लीलाबाई राहतात. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या घरी दुखणं आलं की पदर खोचून आधी हजर. त्यांचे यजमान नानाजी विसरायला लागले तेव्हा आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग बायकोला ते वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारू लागले.

नागपूरच्या एका दवाखान्यात अशा माणसांचा अभ्यास चालतो. दर वर्षी दिवाळीनंतर नानाजींना मोठ्या यंत्रात निजवून मेंदूचं चित्र काढायचे. वर्षाची औषधं त्यामुळे फुकट. तिथल्या डॉक्टर भैरवीताईंनी लीलाबाईंना समजावलं होतं. माणूस स्वस्थ पडला तरी मेंदूचे भाग आपसात बोलत असतात. कुणाचं कुणाशी किती, ही वीण ज्याची त्याची वेगळी असते आणि वर्षानुवर्षं बरीचशी टिकते. नाव झाकून शंभर चित्रांत टाकलं, तरी गेल्या वर्षीच्या विणीवरून नानाजींचं चित्र सापडतं. "आजारानं थोडी उसवली आहे, पण माणूस तोच आहे," ताई म्हणाल्या. हे वाक्य लीलाबाईंनी गावभर सांगितलं. त्यांना दुसरा आधार तरी कोणता होता!

तिसऱ्या वर्षी नानाजी जीपमध्ये बसेनात. यंत्राचा खडखडाट तेवढा त्यांच्या लक्षात राहिला होता. खेप चुकली तर नाव कटेल, औषधं बंद होतील, या धास्तीनं लीलाबाई रडकुंडीला आल्या. तेव्हा धाकटा दीर पुंडलिक म्हणाला, "वैनी, काहून रडता? मी जातो ना दादाच्या जागी."

आमच्याकडे यात कुणाला वावगं वाटत नाही. लग्नाची पंगत असो, सोसायटीची सभा असो की मयत, घरातला एक जण गेला की घर गेलं. त्यात दोघा भावांचा तोंडवळाही सारखा. पुंडलिक नानाजी म्हणून निजून आला, वर यंत्रात डुलकी लागली म्हणून फुशारकी मारत राहिला.

महिनाभरानं भैरवीताईंचा फोन आला. "वीण मागच्या दोन्ही वर्षांशी अजिबात जुळत नाही. नानाजीच आले होते ना?"

"तेच होते. दुसरं कोन येईन?" लीलाबाई म्हणाल्या.

ताईंनी पुन्हा विचारलं. लीलाबाईंनी देवाची शपथ घेतली. मग यंत्राचीच चूक धरून ते चित्र बाजूला ठेवलं गेलं. एरवी प्रत्येक चित्र मोठे डॉक्टर तपासतात, काही गाठबीठ आहे का म्हणून. हे त्यांच्याकडे गेलंच नाही.

उन्हाळ्यात पुंडलिकचं डोकं दुखू लागलं. तो गोळ्या खायचा आणि उन्हाला शिव्या घालायचा. पोळ्याला बैल धरताना त्याचा डावा हात लुळा पडला. बायको मानीबाई म्हणायची यवतमाळला चला, तो म्हणायचा सोयाबीन निघू दे.

दिवाळीनंतर लीलाबाईंनी समजूत काढून खुद्द नानाजींना नागपूरला नेलं. वीण पहिल्या दोन वर्षांशी बरोबर जुळली. म्हणजे गेल्या वर्षी यंत्र चुकलं नव्हतं, हे भैरवीताईंच्या लक्षात आलं. त्यांनी ते बाजूला ठेवलेलं चित्र काढून मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डोक्यात उजवीकडे बोराएवढी गाठ होती.

"हा माणूस कोण आहे, लीलाबाई? त्याला आजच्या आज आणा."

या वेळी लीलाबाईंनी नाव सांगितलं. पुंडलिकला आणून तपासलं, तर गाठ फार वाढली होती. लीलाबाईंनी विचारलं, "तवाच सांगतलं असतं त?"

भैरवीताई खोटा दिलासा देणाऱ्यातल्या नव्हत्या. "तेव्हा लहान होती. काढता आली असती," त्या म्हणाल्या.

पुंडलिक होळीआधी गेला. मानीबाईंनी जावेशी बोलणं टाकलं आहे, आणि अंगण दोघींचं एकच. मलाही लीलाबाईंचा राग आला, अजून येतो. पण त्यांच्या ओसरीवर गेलो की तो टिकत नाही. तिथं नानाजी विचारत असतात, "पुंडलिक दिसून नाही राह्यला. कुठी गेला?"

सगळे सांगतात, वावरात गेला म्हणा, विसरून जातील. मीही सांगून पाहिलं. लीलाबाई ऐकत नाहीत. नवऱ्यासमोर बसतात, त्याचा हात धरतात.

"मेला तो. मी खोटं बोलली, म्हून मेला."

नानाजी धाय मोकलून रडतात, बायकोला नको नको ते बोलतात. संध्याकाळी सगळं विसरून पुन्हा विचारतात. लीलाबाई पुन्हा सांगतात.