यंत्राला लावलेला दिवा

आज वाती अर्ध्याच वळून झाल्या. कापूस पाटावर तसाच राहिला, कारण ज्ञानेशभावजी, माझे धाकटे दीर, चाकणहून दुपारीच परतले. पिशवी ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका. साखर नको, तोंड तसंही कडूच आहे."

भट्टीचं तापमान सांगणारं स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन एका कंपनीत गेले होते. ते पसंत पडलं असतं तर कंत्राटी शिफ्ट सुटून घरचंच काम सुरू झालं असतं. त्यातल्या चिपला संगणकाशी बोलायची तयार सोय शिल्लक नव्हती, म्हणून त्यांनी एका साध्या पिनेवरून प्रोग्रामकरवीच अक्षरं पाठवली. मला सांगितलं होतं, "भजनाचा ठेका समजा वहिनी. वीज चढवायची, उतरवायची, पण ठरल्या मात्रेलाच. मात्रा हुकली की पडद्यावर भलतंच अक्षर." परवा पडद्यावर आकडे कसे ओळीनं उमटत होते, मी पाहिलेत.

काल यंत्राची पूजा केली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आरं, एवढं केलंस आन् दिवा न्हाई व्हय त्याला? अंधारं यंत्र कुणाच्या दारात नेऊ नगं."

"आई, तुझ्या देवाला एलईडी चालतो का?"

"चालतोय की. तेल तरी वाचंल."

भावजींनी हसत हसत समईच्या ज्योतीसारखा थरथरणारा बारका दिवा बसवला. सासूबाईंनी हात जोडले. संगणकाची तार पुन्हा जोडून आकडे नीट उमटतात का बघायचं मात्र भावजींच्या ध्यानात आलं नाही.

आज कंपनीतल्या साहेबांसमोर पडद्यावर नुसती चित्रविचित्र चिन्हं सांडली. "राव, ही कुठली भाषा?" साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. असं का झालं, ते भावजींना परतताना बसमध्ये उमगलं. ज्योत थरथरवायला चिप सारखी हातातलं काम टाकून धावत होती, तेवढ्यात अक्षराची मात्रा हुकत होती. घरी येऊन त्यांनी दिव्याचा प्रोग्राम काढला. आकडे पुन्हा स्वच्छ. लगेच साहेबांना फोन लावला, तर तुमच्यामागून आलेल्याचं यंत्र ठरवलं, म्हणाले.

सासूबाईंनी विचारलं, "दिवा आवडला का रं त्यास्नी?"

"आवडला, आई. यंत्रच कच्चं निघालं."

मी पाहिलं, तर त्यांची नजर कपातच होती.

पांडुरंगा, दिवा चांगल्याच मनानं लावला होता रे. भावजींची उद्यापासून पुन्हा पहिली शिफ्ट. आता कशाला लागतोय म्हणून शिफ्टला न्यायचा जेवणाचा जुना डबा त्यांनीच हौसेनं कामवाल्या मावशींना देऊन टाकला होता. संध्याकाळी पिंपरीला जाऊन भावजींसाठी नवा डबा आणायचा आहे.