दाढी हवी तर दुकानात ये

आमच्या भाऊजींना अख्खी गल्ली ‘रेडिओ’ म्हणते. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. आमच्या घरासमोरच्या रांगेत त्यांचं केस कापायचं दुकान आहे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं रे बसलं की यांचं तोंड सुरू, ते थेट टॉवेल झटकेपर्यंत. जीव लावणारा माणूस, यात वाद नाही. पण एकदा याच माणसाने असा काही हट्ट धरला, की मी त्यांचं तोंडही बघायचं नाही असं ठरवलं होतं.

आमचे हे दगडाला पॉलिश करायच्या कारखान्यात होते. उभं आयुष्य त्या धुळीत गेलं. कपड्यांवरची धूळ मी धुऊन काढली, छातीतली कोण काढणार? डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं काही पहिल्यासारखी व्हायची नाहीत, पण शिकवू तसा व्यायाम केला तर आहे त्या श्वासात बरंच जगता येतं. त्याचा वर्ग चालायचा मोठ्या दवाखान्यात. दोन बस बदलायच्या आणि वर ते भलंमोठं आवार तुडवायचं. हे एकदा गेले, कसेबसे दुसऱ्यांदा गेले, आणि घरी येऊन मटकन बसले. “तिथे पोचेपर्यंतच माझा व्यायाम होतो. त्यांना म्हणावं, धडधाकट माणसांनाच बोलवा.” खरं सांगू? मला ते पटलं. ज्याला चालवत नाही त्याला चालायला शिकवणार, आणि त्यासाठी आधी एवढं चालवणार! ही कुठली तऱ्हा?

तेव्हापासून यांनी खिडकीतली खुर्ची धरली. हात वर केले तरी धाप लागायची, त्यामुळे स्वतःची दाढीही होईना. मी एकदा करून पाहिली, तर हनुवटीवर तीन ठिकाणी कापलं. मग दर आठवड्याला भाऊजी वस्तरा-ब्रश घेऊन घरी यायचे, गप्पा मारत दाढी करून जायचे. तेवढा वेळ काय ते हे हसायचे.

बसची गोष्ट मात्र भाऊजींच्या डोक्यातून जाईना. एक दिवस ते दवाखान्यात गेले आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओ बाईंना गाठलं. “बाई, माणसं तुमच्यापर्यंत येऊ शकत नाहीत, तर तुम्हीच या. आठवड्यातून एक दिवस माझं दुकान बंदच असतं. खुर्च्या आहेत, पंखे आहेत, आरसे आहेत.” बाई आधी हसल्या. मग दुकान बघायला आल्या आणि आरशांवर खूश झाल्या. श्वास घेताना खांदे उगाच वर जातात, ते म्हणे माणसाला आरशात लगेच दिसतं. वरून परवानगी मिळायला खूप दिवस गेले. भाऊजींनी फोन करकरून सगळ्यांचं डोकं खाल्लं, पण वर्ग सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी ते सकाळीच दुकान ओल्या फडक्याने पुसायचे, पावडरीचे डबे आणि वासाच्या बाटल्या मागे नेऊन ठेवायचे, शॅम्पूच्या रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून व्यायामासाठी वजनं तयार करायचे. निवृत्त पोस्टमन यायला लागला, बेकरीवाल्याची आई आली, पलीकडच्या गल्लीतला रंगारी आला.

आला नाही तो एकच. ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला, तोच.

हे खिडकीतून बघत बसायचे. “बघ, पोस्टमन आला. कसा धापा टाकतोय!”

“मग तुम्हीही जा ना! रस्ता तर ओलांडायचाय.”

“धाकट्याला मी सायकल शिकवली. ते दुकान मी थाटून दिलं. आता त्याच्यासमोर आ वासून श्वास घेत बसू?”

पुढच्या आठवड्यात भाऊजी दाढी करायला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी तणतणत दुकानात गेले, तर मान खाली घालून म्हणाले, “वहिनी, दादाला सांगा, दाढी हवी तर दुकानात ये.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “भाऊजी, आजारी माणसावर सूड उगवता? लाज वाटते का काही?” भर गिऱ्हाइकांसमोर मी नाही नाही ते बोलले. ते गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत राहिले.

दाढी वाढत गेली. ती टोचायची, खाजायची, त्यात भाताची शितं अडकायची. ह्यांची चिडचिड माझ्यावर निघायची. आणि एक दिवस वर्गाच्या वेळेलाच हे ताडकन उठले. “थांब, चांगला फैलावर घेतो त्याला.” मी हात धरायला गेले, तो झिडकारला. निघाले. मी मागे, जीव मुठीत धरून. रस्त्याच्या मधोमध थांबले, गुडघ्यांवर हात टेकले. मला वाटलं, संपलं सगळं. पण पुन्हा निघाले. दुकानाची चौकट धरून उभे राहिले, भावाकडे बोट रोखलं आणि म्हणाले, “ना... ना...” पुढे श्वासच नाही.

बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, कोपरं मांड्यांवर टेकवून पुढे झुकायला लावलं. “काका, भावाला शिव्या द्यायच्यात ना? मग आधी श्वास सोडायला शिका. ओठांचा चंबू करा. समोर मेणबत्ती आहे समजा. ज्योत हलवायची, विझवायची नाही.”

पोस्टमन म्हणाला, “शिका शिका, मलाही त्याला दोन सुनवायच्यात.” सगळे हसले, हे सोडून.

भाऊजींनी ह्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. “दादा, तू मध्ये थांबलास ना, तेव्हा मी पायरीवर होतो. अजून क्षणभर थांबला असतास तर धावत आलो असतो. मग तुझी दाढी जन्मभर घरीच केली असती.” ह्यांनी दाढी करून घेतली, आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी मला न सांगता चपला घातल्या.

छाती बरी झाली असं मी म्हणणार नाही. थंडीत अजूनही हाल होतात, रात्री उशीवर उशी लावून बसावं लागतं. पण पाणी स्वतः घेतात, न्हाणीघरात स्वतः जातात. बाई सांगायच्या, चालता चालता एक वाक्य न तुटता बोलता आलं की समजायचं जमायला लागलं. एके दिवशी वर्गात पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन हे दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होते. चालता चालता भाऊजींकडे वळले आणि एका दमात म्हणाले, “नालायका, सख्ख्या भावाला महिनाभर अस्वलासारखा ठेवलास, आई असती तर तिने लाटण्याने बडवला असता तुला!”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. भाऊजी टॉवेल तोंडाला लावून हुंदके देत होते, आणि त्यातूनच म्हणाले, “दादा, थांबू नकोस. अजून शिव्या दे.”