आधी आशीर्वाद, मग चप्पल

प्लेनोच्या उन्हाळ्यात दुपारी चारला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळी घरं पडदे ओढून, एसी लावून पेंगत पडलेली असतात. अशाच एका शनिवारी, नवरा त्या रणरणत्या उन्हात क्रिकेट खेळायला गेलेला असताना, मी शेजारच्या मावशींकडे बसून त्यांच्या देशातला सिनेमा बघितला.

मावशी व्हेनेझुएलाच्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, लेकीकडे राहायला आलेल्या. लेक शनिवारीही कामावर जाते, त्यामुळे दुपारभर त्या एकट्या. मी त्यांना मावशी म्हणते, याचा अर्थ त्यांना अजून कळलेला नाही. पण हाक मारली की ओ देतात. त्यांचं इंग्रजी लंगडं, माझं स्पॅनिश तर अजून रांगतंय. तरी आमच्या गप्पा तासन्‌तास चालतात. कशा, ते मला विचारू नका.

सिनेमा विनोदी होता. गोष्ट एवढीच, की एक उडाणटप्पू मुलगा आईचा फ्रिज परस्पर विकून टाकतो आणि आई चप्पल घेऊन त्याच्या मागे लागते. घर अकराव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, म्हणजे अख्खा सिनेमा जिन्यात. दर मजल्यावर कुणीतरी दार उघडून विचारतं, काय झालं? की आई धावणं थांबवून सगळी कहाणी पहिल्यापासून सांगते. कुणी तिला कॉफी देतं, कुणी मुलाची बाजू घेतं, कुणाला नवा फ्रिज कुठून घ्यावा याचा सल्ला द्यायचा असतो. तोवर मुलगाही खालच्या पायरीवर बसून कॉफी पितो. सहाव्या मजल्यावर एक लग्न लागत असतं. ऐन वेळी कुणीतरी ओरडतं, "पाणी आलं!" आणि पाहुणे, पाद्री, खुद्द नवरी, सगळे बादल्या घेऊन नळाकडे पळतात.

मावशी हसून हसून लाल झाल्या होत्या. "असंच! आमच्याकडे अगदी असंच!" असं म्हणत माझ्या मांडीवर थापा मारत होत्या. मी पण हसत होते, पण मधूनच मला गुंगी आल्यासारखं होत होतं. खोलीत निळसर अंधार, एसीची घरघर, कानावर ते भरभर, न कळणारं बोलणं. खालची इंग्रजी अक्षरं वाचायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं, तरी सगळं कळतंय असं वाटत होतं. नवरीच्या हातातली ती बादली आमच्या अमरावतीच्या मोरीतलीच आहे, आणि जिन्यात ओरडणारी ती बाई पुढचं वाक्य मराठीत बोलणार आहे, याची मला खात्रीच झाली होती. किती तरी दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेवटी तळमजल्यावर मुलगा कोपऱ्यात सापडतो. आई चप्पल उगारते. तो मान खाली घालून पुटपुटतो, "बेन्दिसिऑन, ममा." चप्पल हवेतच थांबते. आई धापा टाकत, पण अगदी मनापासून म्हणते, "दिओस ते बेन्दीगा." आणि मग फाडकन एक ठेवून देते.

मावशी डोळे पुसायला लागल्या आणि मी नुसतीच बघत राहिले. मला विनोद कळला नाही हे पाहून त्यांनी सिनेमा थांबवला. मोडक्या इंग्रजीत आणि दोन्ही हातांनी त्यांनी मला समजावलं. त्यांच्याकडे मोठ्यांना भेटलं, निघालं, फोन केला, की आधी 'बेन्दिसिऑन' म्हणून आशीर्वाद मागायचा. मोठ्यांनी म्हणायचं, देव तुझं भलं करो. मग बाकीचं बोलणं.

"आणि आई रागावलेली असली तर?" मी विचारलं.

"मग मारेल. पण आधी देईल. मागितल्यावर नाही कसं म्हणणार?"

"माझे बाबा नाही देत," मी म्हणून गेले. हसत म्हणायचं ठरवलं होतं, पण हसू काही आलं नाही.

आई गेली तेव्हा माझे व्हिसाचे कागद अडकले होते. भारतात गेले असते तर परत येता आलं असतं की नाही, कुणी सांगत नव्हतं. मी बाबांना फोनवर हे सगळं समजावत होते, तेव्हा त्यांनी मध्येच तोडलं, "राहू दे. येऊ नकोस." मी गेले नाही. त्याला दोन वर्षं झाली. आधी आमचा फोन संपायचा तो बाबांच्या "सुखी राहा"नं. त्यानंतर पाऊस झाला का, गोळ्या घेतल्या का, एवढं बोलून झालं की ते म्हणायचे, "ठेवतो." मीही हट्टी, त्यांचीच मुलगी. आधी ते म्हणू देत, मग बघू, असं धरून बसले. पण खरं सांगायचं तर दर रविवारी फोन ठेवल्यावर काळजाला चिमटा बसायचा. बाबा पंच्याहत्तरीचे आहेत. असंच चालू राहून एक दिवस फोन यायचाच थांबला तर, ही भीती मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

हे सगळं मी मावशींना कितपत सांगू शकले कोण जाणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण तू मागतेस?"

मी आठवून पाहिलं. "सुखी राहा"च्या आधी दर वेळी मी म्हणायचे, "नमस्कार करते." ते म्हणायचं मीच सोडलं होतं. बाबांनी काही बंद केलंच नव्हतं.

निघताना मी मावशींच्या पाया पडायला वाकले. माझं कानातलं पडलं असं समजून त्याही शोधायला वाकल्या, आणि आमची डोकी आपटली. मग दोघी खाली गालिच्यावर बसून वेड्यासारख्या हसलो.

आठ वाजता, इथे आभाळ अजून केशरी होतं आणि अमरावतीत सकाळचे साडेसहा वाजले होते, तेव्हा मी मागच्या अंगणात उभं राहून फोन लावला. कुंपणापलीकडची घरं त्या उजेडात तरंगल्यासारखी दिसत होती.

"बाबा, नमस्कार करते."

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"सुखी राहा," बाबा म्हणाले. मला वाटलं, आता ठेवतील. पण ठेवला नाही.

"दोन वर्षं सुचलं नाही का गं तुला?" ते एकदम ओरडले. "येऊ नकोस म्हटलं, तर खरंच आली नाहीस! माणूस रागात काहीही बोलतो. तुला कळायला नको?"

"चुकलं, बाबा."

"तेराव्याला तुझं पान मांडलं होतं मी. तुझा काका तिथे बसायला लागला, उठवलं त्याला. म्हटलं, ही जागा माझ्या लेकीची आहे."