टँकरभोवती पळणारा ड्रायव्हर

"डॉक्टर, हा प्यालाय. तेवढं लिहून द्या, म्हणजे आमचं काम झालं," असे म्हणून चेअरमन खुर्ची ओढून बसले.

दोघांनी दंडाला धरून आणलेला माणूस मात्र बसायला तयार नव्हता. तो अंकुश, आमच्या दूध संघाच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. उजव्या डोळ्यावर तळहात दाबून तो तपासणीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत होता. मध्येच थांबून कपाळ भिंतीवर आपटत होता. ऐन दुपार होती. त्याचा भरलेला टँकर चौसाळ्याच्या अलीकडे हमरस्त्याच्या कडेला उभा होता आणि इकडे छावणीतली जनावरे पाण्यावाचून हंबरत होती.

पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. सभासदांची जनावरे जगावीत म्हणून आमच्या सहकारी संघाने चारा छावणी उघडली होती. संघाने कर्मचाऱ्यांसाठी एक लहानसा दवाखानाही चालवला होता. त्या दवाखान्याचा मी डॉक्टर. जखमा, ताप, उलट्या, वासरांनी मारलेल्या लाथा, एवढाच माझा व्याप होता.

घडले होते ते असे. अंकुशने भर रस्त्यात टँकर थांबवला, खाली उडी मारली आणि तो टँकरभोवती गोल गोल पळू लागला. समोरच्या हॉटेलातल्या लोकांनी ते पाहिले. एकाने मोबाइलवर चित्रण केले. अंकुश दवाखान्यात पोहोचण्याआधीच ते संचालक मंडळातल्या विरोधी गटाकडे पोहोचले.

मी अंकुशच्या तोंडाचा वास घेतला. बिडीचा होता, दारूचा नव्हता. तसे मी चेअरमनना सांगितले.

"मग गोळ्याबिळ्या खाल्ल्या असतील," ते म्हणाले. "डोळा बघा की कसा तांबडालाल झालाय."

डोळा लाल होता हे खरे. पण एकच. आमच्या नर्स मुक्ता सिस्टरांनी तपासणीसाठी त्याचे रक्त काढून घेतले. तासाभरात अंकुश हळूहळू थांबला, स्टुलावर टेकला, तोंड पुसले आणि अगदी शुद्धीत विचारले, "साहेब, टँकर घेऊन येऊ का? जनावरं तहानल्याली हायती."

"बघा," चेअरमन उठत म्हणाले, "उतरली."

रक्ताचा अहवाल आला. दारूचा अंशही नव्हता. मला वाटले, प्रश्न मिटला. चेअरमननी कागद वाचून परत दिला. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. जे म्हणाले ते रास्तच होते. प्यायला नव्हता हे बरे झाले, पण मग पळतो कशासाठी? दारुड्याला निदान ताकीद तरी देता येते. विनाकारण गाडी सोडून पळणाऱ्या माणसाच्या हाती भरलेला टँकर कोणत्या भरवशावर द्यायचा? सोमवारी संचालकांची बैठक होती. तोपर्यंत मी काय ते सांगावे, नाहीतर त्याला कमी करावे लागेल.

खरे तर उत्तर माझ्यापाशी आधीच असायला हवे होते, कारण अंकुश त्या महिन्यात माझ्याकडे दोनदा येऊन गेला होता. अर्धे डोके दुखते म्हणाला, मी अर्धशिशी म्हटले. आपल्याकडे अर्धे डोके दुखले की तो शब्द आपोआप तोंडात येतो, आणि शब्द आला की पुढचे विचारणे थांबते. अंधाऱ्या खोलीत निजून राहा, असे सांगून मी गोळ्या दिल्या होत्या. तो म्हणाला होता, "साहेब, निजवत न्हाई." ते मी ऐकले होते, पण त्याचा विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला आणि त्याची बायको शोभा हिला बोलावून घेतले आणि या वेळी निजण्याचीच चौकशी आधी केली.

"कावून निजत नाही म्हणून मीबी लई भांडले," शोभा म्हणाली. "सूर्य उगवायच्या आधी जिलबी खाऊ घातली, नारायणगडाला नवस बोलले. पण ते उठलं की हे पळत्यात बघा. घरी असले की घराभोवती, गाडीवर असले की गाडीभोवती."

अंकुश खाली मान घालून म्हणाला, "आधी नाक चोंदतंय, साहेब. एकाच बाजूचं. तवाच जोरात पळालो तर कधी कधी दुखणं अर्ध्यावर मोडतंय. न्हाई पळालो तर डोळ्यात तापली सळई घातल्यावानी हुतंय. म्हणून पळतो. लोक हसतेत, ते कळतंय मला."

दुखणे रोज दुपारी ठरावीक वेळेलाच येत होते. मागच्या वर्षीही याच दिवसांत काही आठवडे आले आणि आपोआप गेले होते. मी दारूबद्दल विचारले. तो कडवट हसला. मेव्हण्याच्या लग्नात एक घोट घेतला होता, आणि मांडवातच डोळा फुटायची वेळ आली होती. तेव्हापासून तो दारूच्या वासालाही उभा राहत नसे. ज्याला दारूचा घोट सोसत नाही, त्याच्यावर गावाने दारूचा आळ घेतला होता.

माझा एक वर्गमित्र संभाजीनगरला मेंदूविकारांचा तज्ज्ञ आहे. मी त्याला फोनवर सारे सांगितले. त्याने मला पुरते बोलूही दिले नाही.

"अरे, ही अर्धशिशी नव्हेच. क्लस्टर हेडेक आहे."

वाचकांसाठी थोडे स्पष्ट करतो. क्लस्टर म्हणजे झुबका. हे दुखणे काही आठवडे झुबक्याने येते आणि मग महिनोन् महिने नाहीसे होते. अर्धशिशीचा रोगी अंधारात निपचित पडून राहतो, या दुखण्याचा रोगी एका जागी थांबूच शकत नाही. एकाच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी गळते, पापणी उतरते, त्याच बाजूचे नाक चोंदते. वेदना इतकी तीव्र की भलेभले धीराचे लोक डोके आपटून घेतात. सुरुवातीलाच जोरदार व्यायाम केल्याने काही रोग्यांना आराम पडतो. हे सर्वांना लागू पडते असे नाही, पण अंकुशला ते त्याच्या शरीराने शिकवले होते. आणि आलेला झटका मोडायला शुद्ध ऑक्सिजन हे उत्तम औषध आहे.

मित्राच्या सांगण्यावरून अंकुशच्या मेंदूचे स्कॅन करून घेतले. ते निर्दोष निघाले. दवाखान्यात एक मोठे ऑक्सिजन सिलिंडर होतेच. शनिवारी झटक्याच्या वेळेला अंकुश येऊन बसला. नाक चोंदू लागताच सिस्टरांनी त्याला नाकातली बारीक नळी लावली आणि सिलिंडरची किल्ली फिरवली.

काहीही झाले नाही. झटका नेहमीसारखाच चढला. अंकुशने नळी उपटून फेकली, धावत अंगणात गेला आणि कडुनिंबाच्या खोडावर डोके टेकून ओरडू लागला. छावणीतली माणसे गोळा झाली. शोभा दाराशी बसून रडत होती.

"स्टिअरिंग गेलं की पुन्हा कोयता हाय, साहेब," ती म्हणाली. आष्टीकडचे हे जोडपे पूर्वी दर हंगामाला ऊसतोडीला जात असे. संघाच्या नोकरीने त्यांच्या हातातला कोयता सुटला होता आणि मुली एका शाळेत टिकल्या होत्या. वेडा ठरवून काढलेल्या ड्रायव्हरला दुसरे कोण गाडी देणार होते?

संध्याकाळी मी मित्राला कळवले की औषध लागू पडले नाही.

"प्रवाह किती ठेवला होतास?"

मी सांगितले.

"एवढ्यानं काय होणार? आणि नाकातल्या नळीनं? अरे, पिशवीचा मास्क लाव, घट्ट बसव, आणि किल्ली पुरती सोड. घोट घोट काय पाजतोयस त्याला? तुम्हा दुष्काळी लोकांना काहीही सढळ हाताने सोडायची सवयच राहिली नाही."

तो थट्टेने बोलला, पण नेमके तेच घडले होते. आमच्या भागात नळ कोणी पुरता सोडत नाही. भांड्यात धार बारीक पडली पाहिजे, हे आम्ही लहानपणी बोलायच्या आधी शिकतो. सिस्टरांनी किल्ली त्याच हाताने फिरवली होती. मी शेजारी उभा होतो आणि मलाही ती धार पुरेशी वाटली होती. दोघांपैकी कोणाच्याही मनात शंका आली नाही. निदान चुकले नव्हते, औषध चुकले नव्हते. हात आखडता होता.

रविवारी बीडहून पिशवीचा मास्क आणवला. या मास्कला खाली एक पिशवी असते. ती ऑक्सिजनने फुगते आणि रोग्याच्या श्वासात बाहेरची हवा जवळजवळ मिसळू देत नाही. सिस्टरांची हरकत मात्र वेगळी होती, आणि योग्य होती.

"सर, एका माणसाला एवढा सोडायचा, आणि उद्या दमेकरी आला तर?"

मी आणखी एक सिलिंडर भरून मागवले, तेव्हा त्या तयार झाल्या. तरी सोमवारी सकाळी किल्लीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पुरती सोडायची म्हणजे अगदी पुरती ना?"

बैठक दुपारची होती. मी चेअरमनना विनंती केली की निर्णय घेण्याआधी दवाखान्यात येऊन बसावे. ते दोन संचालकांना घेऊन आले. त्यांतले एक, ज्यांच्या मोबाइलवर ते चित्रण होते, ते दारातच उभे राहिले. मी अंकुशच्या खिशातल्या बिड्या आणि काडेपेटी आधीच बाहेर ठेवून घेतल्या, कारण ऑक्सिजनजवळ ठिणगी म्हणजे अपघात. मग आम्ही सारे वाट पाहत बसलो. इतक्या प्रतिष्ठित माणसांनी एका डोकेदुखीची इतकी आतुरतेने वाट पाहिलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही.

अंकुशने नाकाला हात लावला. "आलं, साहेब."

"पळा," मी म्हणालो.

तो अंगणात गेला आणि दवाखान्याभोवती जिवाच्या आकांताने पळू लागला. दारातल्या संचालकांनी चेअरमनकडे सूचक पाहिले. धापा टाकत अंकुश आत आला. डोळ्यातून पाणी गळू लागले होते, पापणी उतरत होती. मी त्याला स्टुलावर बसवले, पुढे वाकायला सांगितले आणि मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवला. सिस्टरांनी किल्ली सोडली. या वेळी आवाज आला. खोलीभर ऐकू जाईल असा, सरळ सोसाट्याचा. पिशवी तट्ट फुगली.

सुरुवातीला तो कण्हत होता. गुडघ्यावर मुठी आपटत होता. मग मुठी थांबल्या. मग खांदे उतरले. थोड्या वेळाने त्याने स्वतःच मास्क बाजूला केला. डोळा अजून ओला होता, पण पुरता उघडला होता.

"गेलं," तो म्हणाला. मग जणू स्वतःचाच विश्वास बसत नसल्यासारखा पुन्हा म्हणाला, "साहेब, गेलं की हो. असं कधीच गेल्यालं न्हाई."

शोभाने तोंडाला पदर लावला. मुक्ता सिस्टर सिलिंडरची किल्ली बंद करायला विसरल्या होत्या. मी आठवण करून दिली नाही.

चेअरमन उठून अंकुशजवळ गेले, वाकून त्याच्या डोळ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "तू दारुडा असतास तर सोपं होतं बे. आता तुला ठेवावं लागतंय." खोलीत पहिल्यांदा हशा पिकला. दारातल्या संचालकांनी मोबाइल खिशात टाकला आणि आपल्यालाही कधीमधी डोके दुखते, ते याच जातीचे असेल का, असे मला हळूच विचारले.

इतक्यात अंगणात जीप थांबली. आष्टीहून अंकुशची आई, चुलते आणि दोन बहिणी रडतच उतरल्या. शनिवारी अंकुशला ऑक्सिजन लावल्याची बातमी गावी पोहोचली होती, आणि करोनाच्या दिवसांपासून आमच्याकडे त्याचा एकच अर्थ उरला आहे. आत येऊन पाहतात तो त्यांचा मुलगा चेअरमनच्या शेजारी बसून चहा पीत होता. आई क्षणभर थबकली आणि मग तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"धडधाकट हाईस, तर सांगायला तोंड न्हाई का तुला?"

बैठकीत मी लिहून दिले की हा आजार आहे, व्यसन नव्हे. झटक्यांचे आठवडे चालू असेपर्यंत अंकुशने दुपारी गाडी चालवू नये. सकाळच्या खेपा कराव्यात आणि दुपारी दवाखान्याजवळच छावणीचे काम पाहावे. ते एकमताने मंजूर झाले. विरोधी गटासह एकमत झालेला त्या वर्षातला तो एकच ठराव, असे चेअरमन पुढे सांगत असत. मित्राने झटके टाळण्यासाठी रोज घ्यायची गोळीही सुरू केली, तिचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून हृदयाचा आलेख काढून आणि जपून.

काही आठवड्यांनी झटके थांबले. पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी अंकुश स्वतः सकाळीच दवाखान्यात येऊन म्हणाला, "काल दुपारी नाक चोंदलं, साहेब. मास्क काढून ठिवा." त्याच्या आवाजात भीती नव्हती, टँकरची पाळी सांगावी इतकी सहजता होती. आजही तो स्टिअरिंगवर आहे. मोठी मुलगी नर्सिंगला गेली आहे.

माझ्यापुरता धडा एवढाच की रोगाला नाव देऊन झाले म्हणजे काम संपत नाही. अर्धशिशी हे नाव देऊन मी थांबलो होतो. पुढे योग्य नाव मिळाले, योग्य औषध मिळाले, तरी ते मी चिमटीने देत होतो. एखादा उपाय निरुपयोगी ठरवण्याआधी तो आपण खरोखर दिला होता का, हे पाहावे. आमच्याकडे किल्ली आजही सिस्टरच फिरवतात आणि मी बाजूला उभा राहतो, कारण त्यांचा हात माझ्याआधी मोकळा झाला.