कुसुमचा पेला

कुसुम गेल्याची बातमी मोबाइलवर आली तेव्हा मी दुकानात लग्नाचे हार ओवत बसले होते. व्यायामाच्या कपड्यातला, दोन्ही हात वर केलेला तिचा हसरा फोटो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मी मोबाइल पालथा ठेवला आणि हार पुरा केला. खोटं कशाला सांगू, मला ते पटलंच नाही. वाटलं, ही हिचीच काहीतरी करामत असणार. संध्याकाळी नवा व्हिडिओ टाकेल, ‘घाबरल्या ना? मग तब्येतीला जपा!’ मालिकांमध्ये ती इतक्यांदा मेली होती, की तिच्या मरणावर माझा भरवसा राहिला नव्हता. संध्याकाळ झाली... व्हिडिओ आला नाही. तिच्या धाकट्या भावाचा, विलासचा फोन आला. तो हुंदके देत होता, आणि विलासला नाटक येत नाही.

कुसुम आणि मी, दोघी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या, दोघींची घरं फुलं पिकवणारी आणि विकणारी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती आई झाली होती आणि मी मिशा चिकटवून तिचा नवरा. नाटक बसवणाऱ्या सरांचा एक दंडक होता, स्टेजवर पेल्यात थेंबभरही पाणी घ्यायचं नाही. साड्या कोणाकोणाच्या मागून आणलेल्या असत, डाग पडला तर उत्तर कोण देणार? म्हणून रिकामा पेला तोंडाला लावायचा, घोट घेतल्यासारखा गळा हलवायचा आणि शेवटी पदरानं वरचा ओठ टिपायचा, म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही कळतं की बाईनं चहा घेतला. मला ते मेलं कधी जमलं नाही, हसूच फुटायचं. कुसुम मात्र अशी प्यायची, की बघणाऱ्याला तहान लागावी. मी शेजारी उभी राहून तिचा गळा न्याहाळायची. खरोखर पिताना ती ओठ कधीच पुसत नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक.

पुढे ती मुंबईला गेली. मालिकांमध्ये आधी सून झाली, मग वहिनी, मग सासू. सासूचीही कामं आटली तेव्हा अमरावतीला येऊन राहिली आणि एकाएकी आरोग्याची प्रचारक झाली! पांढरे बूट, ट्रॅकसूट, सकाळी मैदानावर बायकांची शिबिरं, मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ. “उठा बायाहो, घरच्याईचं होत राहीन, आधी सोताचं पाहा!” पी.टी.च्या तासाला पोट दुखतं म्हणून झाडाखाली बसणारी ही पोरगी! आमच्या गल्लीतल्या बायका पदर खोचून तिच्या तालावर हातपाय हलवू लागल्या. मला रोज सकाळी तिचा फोन, “मंदे, चालाले निघाली का?” मी निघायची, पण मनात किडा वळवळायचाच. फोन स्पीकरवर तर नसेल? समोर कॅमेरा तर नसेल? माझी काळजी करते, की मला पुढे करून जगाला दाखवते?

तशातच तिनं कुठल्याशा शक्तिवर्धक पेयाची जाहिरात केली. स्टीलचा पेला, तीन लांब घोट आणि गळ्यातल्या टॉवेलनं वरचा ओठ टिपला. मी किंचाळलेच, “रिकामा हाय!” सून धावत स्वयंपाकघरात शिरली, तिला वाटलं सिलिंडर संपलं.

मग मला राहवलं नाही. अमरावतीची सकाळची गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होते. मैदानावर पोचले तर बायकांची ही गर्दी, काहीजणी तर पार तिवस्याहून आलेल्या. कुसुम त्यांच्यासोबत घाम गाळत होती. तो घाम खरा होता, मी जवळ जाऊन पाहिला. शिबिर उरकल्यावर तिला कोपऱ्यात घेतलं.

“ते पेय तू पेत नाहीस.”

“नाही पेत,” ती म्हणाली. “तुले कोणं सांगतलं?”

“तुह्या गळ्यानं. तूच पेत नाहीस तं मंग या बायाईले काहून पाजते?”

ती आधी खो खो हसली, मग म्हणाली, “साऱ्या दुनियेले चालते, तूच एक अवदसा निघाली. करार सरू दे, पुन्हा नाही करत.” खरंच पुढे ती जाहिरात दिसली नाही. मी मात्र म्हटलं, कंपनीनंच हिला काढलं असेल. मला त्या पेयाचं काही पडलं नव्हतं हो... मला इतकंच कळायला हवं होतं, की माझ्यासमोर तरी ही बाई खरी असते की नाही.

शेवटची भेट याच हिवाळ्यातली. विलाससोबत कोणाच्या तरी लग्नाला आली होती, जाताजाता माझ्याकडे डोकावली. अंगानं पार उतरलेली. “हे काय गं?” म्हटलं, तर म्हणे, “फिटनेस हाय बाई.” मला वाटलं, नवी मालिका मिळाली असेल, उपाशी मरत असेल मेली. अद्रक ठेचून, भरपूर साखर घालून वाफाळता चहा केला आणि तिला आवडतो म्हणून स्टीलच्या पेल्यात दिला. गप्पा मारता मारता तिनं तो घेतला, पेला खाली ठेवला आणि... पदरानं वरचा ओठ टिपला.

माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात, माझ्यासमोर नाटक! ती गेल्याबरोबर पेला उचलून पाहिला, रिकामा. मोरी पाहिली, कोरडी. ती बसली होती त्या खिडकीतल्या गुलाबाच्या कुंडीची माती हुंगली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंडी पाहिली, साखरेचा चहा ओतला असता तर मुंग्या लागल्या असत्या. एक मुंगी नव्हती. म्हणजे प्यायली होती. मग ओठ कशाला टिपला? ही शंका मी तिला फोनवर विचारणारच होते, पण सकाळचे फोन हळूहळू कमी होत गेले आणि मी फुगून बसले.

तेरवी झाल्यावर विलासनं सांगितलं. अन्ननलिकेचा आजार होता, कित्येक महिन्यांपासून. घरच्यांखेरीज कोणाला कळू द्यायचं नाही अशी तिची ताकीद होती. कळलं असतं तर बायका म्हणाल्या असत्या, हिलाच असं झालं तर आपण कशाला सकाळी उठायचं? पातळ आणि गार, तेही चमचा चमचा, एवढंच गिळता यायचं. गरम तर घशाखाली आगच.

“मंग चहा कसा पेली?” मी विचारलं.

विलास म्हणाला, “तुमच्या गल्लीच्या टोकाशी गाडी थांबवाले लावली, मंदाताई. तोंडाले पदर लावून कितीतरी वेळ बसून राह्यली. डोये वाहून राह्यले होते. म्या म्हटलं, काहून पेली, नाही म्हणाचं होतं. तं म्हणे, मंदी गळ्याकडं पायते.”

आता गल्लीतलं कोणी म्हणतं, एवढा व्यायाम करून काय मिळालं तिला? त्यांना मी चांगलं झापते. पण कुसुमवर मला अजून राग आहे. ‘नको’ म्हणायला काय झालं होतं गं? जन्मभर रिकामा पेला भरल्यासारखा प्यायलीस, आणि माझ्याकडे भरलेला, जळता पेला असा प्यायलीस, की जणू त्यात काही नव्हतंच...

तो पेला मी वेगळा ठेवला आहे, पाहुण्यांना देत नाही. सकाळी चालून आले की त्यातच चहा घेते. परवा घरात कोणी नव्हतं, म्हणून तो रिकामाच तोंडाला लावून पाहिला. शाळेत मला हसू यायचं म्हणून जमत नसे. परवा हसू आलं नाही, तरी जमलं नाही.