जवसाची चटणी

भाजलेल्या जवसाचा वास आला की आमचं अल्लीपूरचं स्वयंपाकघर आठवतं. धाकट्या भावाचं नैराश्य तेव्हा गोळ्यांनी ओसरत होतं. जवस कुटणाऱ्या आईला मी प्रयोगशाळेतलं माझं काम सांगत होतो, की मेंदूच्या पेशींत सेरोटोनिन हे मन थाऱ्यावर ठेवणारं रसायन उचलून नेणारी प्रथिनं असतात, जवसातल्यासारखी स्निग्धाम्लं त्यांना आवरतात, आणि भावाची गोळीही तेच करते. आई म्हणाली, "गोळ्याईनं तर तो दिवसभर झोपूनच राह्यते. मंग चटणीच देऊ का त्याले, बापू?" माझे प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवरचे होते, हे सांगायला हवं होतं, पण माझं काम तिला पहिल्यांदाच कळत होतं, त्या सुखात मी हो म्हटलं. तिने गोळ्या थांबवल्या. भाऊ पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजला, आणि आता त्याला कुठलीच गोळी लागू पडत नाही. आई म्हणते, तिच्याच हाताला यश नाही. मी ते अजून खोडून काढलेलं नाही.